फौजदाराची डावी बाजू

भावजींनी आणि मी अर्धा पूल ओलांडला होता. त्यांच्या मुठीत साखळी, साखळीला फौजदार. कुत्र्याचं तोंड दोरीनं बांधलेलं, कान फाटलेला, पाठीवर रक्त सुकलेलं. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला कायमचं झोपवायचं, असा वखारीच्या मालकाचा हुकूम होता. भावजींच्या रागाची धास्ती म्हणून सासूबाईंनी मला सोबत धाडलं होतं. मी आपली ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत चालले होते.

हे माझे धाकटे दीर, लाकडाच्या वखारीत करवतीवर. हात मोठे, राग त्याहून मोठा. सगळे त्यांना तोफ म्हणत. घराचं दार एकदा त्यांनी खांद्यानं फोडलं; ते ओढायचं होतं, हे नंतर कळलं. फौजदाराला पिल्लू असताना त्यांनीच आणला आणि वखारीच्या रीतीनं वाढवला. गुरगुरला की साखळी.

मध्यंतरी त्याचा डावा डोळा लाल झाला. पाणी गळायचं, तो पंजानं चोळत बसायचा. "भुसा गेला असेल," सगळे म्हणाले. वखारीत कुणाच्या डोळ्यात भुसा जात नाही? पुढे बुबुळावर निळसर साय धरली, डोळा सुजून वर आला. पण तोवर तो चावरा झाला होता, जवळ जाऊन बघणार कोण?

त्या सकाळी त्यानं मुकादमाचा हात फाडला. माणसं पहारी घेऊन धावली. भावजींनी एकाला ओंडक्यावर आपटलं, दुसऱ्याचं नाक फोडलं आणि मग त्याच हातांनी कुत्र्याला साखळीनं झोडपलं.

पूल संपता संपता माझी पिशवी फौजदाराला घासली. तो उसळला. बांधलेलं तोंड माझ्या मांडीवर असं आदळलं, की मी खालीच बसले.

"हरामखोरा, वहिनीवर येतोस?"

भावजींनी साखळीचं मोकळं टोक उगारलं. शेजारून ट्रक धडधडत गेला. साखळी डाव्या डोळ्यासमोर लोंबत होती, पण फौजदाराची पापणीसुद्धा लवली नाही.

भावजी थबकले. उजवीकडे आले, तशीच उगारली. फौजदार पोट जमिनीला लावून थरथरायला लागला. त्याच्याखाली ओल पसरली.

"वहिनी, ह्याला इकडून दिसतच नाही हो."

"मुकादम कुठून आला होता?"

"डावीकडून." मग हळूच म्हणाले, "मीपण."

साखळीसकट मूठ त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हाणली. रक्त आलं. मग ते खाली बसले. त्यांचा अंगठा फौजदाराच्या सुजलेल्या डोळ्याकडे गेला तशी मी ओरडले, "चोळू नका!" बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून दिला. त्यांनी तो डोळ्यावर नुसता टेकवला. फौजदार कण्हला, पण हलला नाही.

"झोपवायचं नाही," भावजी म्हणाले. "डॉक्टरांना डोळा बघायला सांगायचं."

"आणि मालक?"

"त्याला मी बघतो."

"बघा, पण त्याचे दात शाबूत ठेवून."

त्यांना हसू आलं नाही. साखळी हाताला गुंडाळून ते उठले.

"वहिनी, तुम्ही ह्याच्या डाव्या अंगानंच चला. आणि मघापासून ओठांत काय पुटपुटताय, ते जरा मोठ्यानं म्हणा. तिकडे कोण आहे ते कळू दे त्याला."