पत्तामावशीची खोली

पत्तामावशीचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवलं नसतं. धंद्याने ती शिवणवाली. पॅंटची लांबी कमी कर, चेन बदल, असली कामं. पण त्या चार मजली इमारतीत भाड्याचा लेखी करार होता तो एकट्या तिच्याकडे, सासऱ्यांच्या काळातला. बाकी सगळे दूरदूरून पोटासाठी आलेले, एका खोलीत आठ-आठ जण. त्यांनी कागद मागितला की मालक कानांवर हात ठेवायचा. कागद नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून मुलांना शाळेत प्रवेश नाही. एकदा गवंड्याची बायको रडत आली, तेव्हा मावशी म्हणाली, "माझा लाव की! माझ्या बापाचं काय जातंय?"

बघता बघता त्या एका दारावर एकसष्ट कुटुंबांचं टपाल येऊ लागलं.

मग शिवणयंत्र भिंतीला सरकवून तिथेच बायकांच्या बैठका सुरू झाल्या. चार वर्षं त्यांनी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि नवी घरं मंजूर करून घेतली. मागण्यांच्या कागदावर सातवी मागणी मावशीच्या हातची होती: खोली रिकामी होईल त्याच दिवशी तिला सील ठोका. नाहीतर मालक त्याच ओल्या खोलीत दुसऱ्या दिवशी नवी माणसं कोंबायचा. त्या मागणीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या.

पहिल्या यादीत पहिलं नाव मावशीचंच निघालं, कारण पक्का कागद तिचाच. नव्या घराचं पत्र घ्यायला ती कचेरीत गेली.

"तुमची खोली सील झाली की त्या पत्त्यावरचे बाकीचे अर्ज रद्द," कारकून म्हणाला.

"अहो, पण मग त्यांना घरं कशी मिळणार? नव्या घराचा पत्ता लावू दे त्यांना."

"तिथे फक्त घरच्यांचीच नावं चालतात."

"मग तो सीलचा नियम बदला."

"वर्ष जाईल. तुमच्या होकाराची मुदत पंधरा दिवस आहे, नाहीतर घर गेलं. आणि मावशी, मागणी तुमचीच होती ना?"

मावशीने पत्र घरी आणलं आणि यंत्राच्या खणात, बॉबिनांखाली दडपलं.

नवऱ्याने तीस वर्षं बेकरीत पीठ चाळलं होतं, त्यात छाती गेली. भिंतीच्या ओलीने उरलासुरला दमही जात होता. पुढचा हिवाळा या खोलीत काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो बसल्या बसल्या एकसष्ट घरांचं टपाल निवडून ठेवायचा आणि रोज दुपारी विचारायचा, "आपलं आलं का गं?"

"नाही अजून."

"येईल. लोकांची एवढी कामं करतेस तू."

असं तो बोलला की तिला त्या एकसष्ट घरांचा संताप यायचा. अडलं की मावशी, पण मावशीचं काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं! मग जिन्यात कुणाची तरी पोरगी दप्तर घेऊन भेटायची आणि मावशीला मान खाली घालावी लागायची. चौदा दिवस असेच गेले.

पंधराव्या दिवशी सकाळी तिने मन घट्ट केलं. नवरा आपला आहे, तो जगला पाहिजे, बस्स. पत्र पिशवीत टाकलं, चपला घातल्या, दार उघडलं. बाहेर एक अनोळखी बाई उभी होती. कडेवर तान्हं मूल, हातात कोरा अर्ज.

"पत्तामावशी इथेच राहतात ना? कालच आलोय आम्ही. बाळाला टोचायचंय, तर दवाखान्यात पत्ता मागतात."

आतून नवराच म्हणाला, "या, या! इथलाच लिहा. आम्ही कुठे चाललोय?" एवढं बोलण्यानेच त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. त्या बाईने बाळाला खाली ठेवलं आणि धावत जाऊन त्याची पाठ चोळली.

मावशीने अर्ज घेतला, यंत्रावर ठेवला आणि भरला. पत्ता लिहायला तिला बघावंसुद्धा लागत नव्हतं.

"तू कुठे निघाली होतीस?" दम लागलेल्या नवऱ्याने विचारलं.

"दोरा आणायला," ती म्हणाली आणि तिने चपला काढून ठेवल्या.