कव्हरवर न आलेलं सोनं

पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर, उरणच्या गाड्या वळतात त्या कोपऱ्यावर भामा गेली कित्येक वर्षं बसते आहे. आधी ती मासळीची पाटी घेऊन बसायची. गव्हाणहून सकाळच्या गाडीने यायची, आणि पाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. मग खाडीत भराव पडत गेला. तिचा नवरा काशिराम याच्या जाळ्यात मासळीपेक्षा चिखल जास्त यायला लागला, आणि एका उन्हाळ्यात त्याने होडी काठावर ओढली ती पुन्हा पाण्यात गेलीच नाही. काशिराम ओटीवर बसून राहिला. भामाला ते जमण्यासारखं नव्हतं. दिवसभर कोणाशी भांडण झालं नाही तर तिला जेवण गोड लागत नसे.

त्याच सुमारास जीवन नावाच्या एका तरुणाने ‘फलाट’ नावाचं मासिक काढलं. जमीन गेलेली गावं, रस्त्यावर झोपणारी माणसं, धुणीभांडी करणाऱ्या बाया, असले विषय. हे मासिक दुकानात मिळत नाही. ज्यांचा धंदा बुडाला अशी माणसंच ते रस्त्यावर विकतात. कचेरीतून अंक कमी भावात विकत घ्यायचे, छापील किमतीला विकायचे, वरचं आपलं. प्रत्येकाला छातीवर लावायला निळा बिल्ला आणि उभं राहायला ठरलेली जागा. जीवनने भामाला बिल्ला दिला आणि स्टँडचा कोपराही ‘दिला’. कोपरा आधीपासून तिचाच होता, पण माणूस देतोय म्हटल्यावर तिने त्याचं मन मोडलं नाही.

भामा मासिक विकायची ते मासळी विकल्यासारखंच. “ताजा हाय, आजच उतरलाय” अशी तिची हाक रिक्षास्टँडपर्यंत जायची. गिऱ्हाइकंही जुनीच, त्यामुळे सवयीने भाव करायची. दोन घेतले तर किती कमी करशील, मागच्या महिन्याचा फुकट टाक. भामा खुशीत यायची, त्यांचे आई-बाप काढायचे तेवढे बाकी ठेवायची आणि पैसा सोडायची नाही. घासाघीस झाली की आपण धंदा केला, असं तिला वाटे.

एके दिवशी जीवन म्हणाला, “मावशी, पुढच्या अंकाच्या कव्हरवर तुम्ही. उद्या या, आहात तशाच या.”

आता ‘आहात तशाच’ हे त्याने सांगितलं, पण गव्हाणातल्या कोळणीला ते कसं कळावं? तिथे फोटो निघतो तो हळदीला, साखरपुड्याला, नारळी पुनवेला. मोकळ्या गळ्याने फोटोला उभं राहणं म्हणजे घरावर काही ओढवलंय असं सांगणं. आणि ज्या घरचं कार्य त्या बाईच्या अंगावर साऱ्या भावकीचं सोनं चढतं, हीही तिथली रीत. भामा त्याच संध्याकाळी नणंदेकडे गेली. नणंद मैना जरा खडूस, पण कव्हरचं ऐकल्यावर तिने कपाट उघडलं आणि गंठण, पोहेहार, पाटल्या सगळं रुमालात बांधून ओटीत घातलं. वर बजावलं की एक मणी इकडचा तिकडे झाला तर घरात पाऊल ठेवू नकोस.

दुसऱ्या दिवशी भामा हिरवं लुगडं, अबोलीची वेणी आणि गळाभर सोनं अशी कचेरीत हजर झाली. फोटो काढणारा केतन तिच्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याने पाच-सहा फोटो काढले. भामा खुर्चीत ताठ बसली होती, मान वर, नजर थेट कॅमेऱ्यात. मग केतन म्हणाला की सोन्यावर उजेड फार चमकतोय, जरा काढून ठेवता का, दोनच फोटो. भामाने विश्वास ठेवला. एकेक दागिना काढून रुमालात ठेवला, रुमाल मांडीवर घेतला, आणि नणंदेचा एखादा मणी कुठे सुटला तर नाही ना, म्हणून कपाळाला आठ्या घालून खाली बघत राहिली. केतनने नेमका तेव्हाच फोटो घेतला.

अंक आला. काळंपांढरं कव्हर. मोकळा गळा, झुकलेली मान, कपाळावर आठ्या, नजर खाली. मांडीच्या वरच फोटो कापलेला. आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘समुद्र रुसला, चूल विझली’.

भामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या घरी चूल विझली नव्हती, त्या सकाळीही तिने भाकऱ्या थापल्या होत्या. ती गठ्ठा काखेत मारून तडक कचेरीचा जिना चढली आणि तिने तो जीवनच्या टेबलावर आपटला. जीवन काही लबाड माणूस नव्हता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. सोनं घातलेल्या बाईकडून असलं मासिक कोणी घेत नाही. लोक आधी कव्हर बघतात, मग विकणारा बघतात, आणि दोन्हीकडे गरज दिसली तरच हात खिशात जातो. हा अंक नेहमीपेक्षा जास्त खपणार, आणि त्यात रेल्वेच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या दयारामचाही वाटा आहे. दयारामची तीन बोटं कारखान्याच्या यंत्राने नेली होती, घरी दोन मुली होत्या. दयारामचं नाव आल्यावर भामाने वाद सोडला. गठ्ठा उचलला आणि कोपऱ्यावर परत आली.

अंक खपला. पण कसा? लोक कव्हर बघायचे, भामाकडे बघायचे, चेहरा पाडायचे, नोट तिच्या हातात ठेवायचे आणि मासिक न घेताच पुढे जायचे. “राहू द्या मावशी, तुम्हीच ठेवा.” भाव कोणी करेना. जुनं गिऱ्हाईकही खाली मान घालून पैसे मोजून जाई. भामा मासिक घेऊन गाडीच्या दारापर्यंत त्यांच्या मागे धावायची आणि खिडकीतून मासिक आत फेकायची. जन्मात तिने कोणाचं फुकटचं घेतलं नव्हतं, आणि आता भर स्टँडवर सारं पनवेल तिला भीक घालत होतं. गावात तर वेगळंच. बायकांनी मैनेला विचारलं की भावजयीला उपाशी ठेवलंत की काय. मैना आठवडाभर भामाशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात एका कॉलेजातल्या रंजिता मॅडम आल्या. त्या माध्यमांचा अभ्यास शिकवत आणि या महिन्यात त्यांनी मुलांना मासिकांची कव्हरं वाचायला दिली होती. त्यांनी भामाताईंना वर्गात यायचं आमंत्रण दिलं, मुलं प्रश्न विचारतील म्हणाल्या. जीवन खूश झाला. भामा गेली, मागच्या बाकावर बसली आणि समोर भिंतीवर बघते तो तिचंच तोंड, दारापेक्षा मोठं.

मुलं चांगली होती, हे सांगायलाच हवं. त्यांनी मन लावून अभ्यास केला होता. एकाने रंग का काढून टाकले ते सांगितलं. प्रांजल नावाच्या एका मुलीने उठून सांगितलं की खाली गेलेली नजर म्हणजे हार, मोकळा गळा म्हणजे सगळं विकून झालेलं, आणि ही बाई बघणाऱ्याला प्रश्न विचारत नाही, फक्त मदत मागते. सांगता सांगता तिचा आवाज कापला. भामाला त्या पोरीची माया वाटली आणि रागही आला.

“पोरी,” भामा मागून म्हणाली, “मी कायपन मागत नव्हते. माज्या मांडीवर नणंदेचं सोनं होतं, ते राखत होते.”

वर्ग वळून बघायला लागला. भामाने झालं ते सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. रंजिता मॅडम जरा विचार करून म्हणाल्या की भामाताईंचं खरं आहे, पण प्रांजलचंही चुकलेलं नाही. कव्हरवर जे छापलं तेवढंच लोक वाचणार, मांडी कापली की मांडीवरचं सोनं नव्हतंच. भामाला ते पटलं. पटलं म्हणून जास्त झोंबलं. मग प्रांजल पुन्हा उठली. खाली बसली असती तर बरं झालं असतं, पण पोरगी खरं बोलणारी होती.

“मावशी, राग येईल तुम्हाला,” ती म्हणाली, “पण सोन्याचा फोटो असता तर मी हा अंक घेतला नसता.”

“मग नको घेऊ,” भामा म्हणाली. “पन घेशील तर माजं तोंड बघून घे. कीव करून घेशील तर मना नको तुजा पैसा.”

त्या संध्याकाळी ती मैनेच्या दारात उभी राहिली. पुन्हा सोनं मागायला जीभ रेटत नव्हती. तिने वर्गातलं सगळं सांगितलं, मैना ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने कपाट उघडलं.

“या टायमाला रुमाल नाय देनार,” मैना म्हणाली. “गळ्यातनं काढू नको म्हंजे झालं.”

सकाळी स्टँडवर आलेल्या लोकांनी बघितलं ते असं. कोपऱ्यावर भामा उभी. हिरवं लुगडं, वेणी, गंठण, पोहेहार, कोपरापर्यंत पाटल्या-बांगड्या, त्यावर निळा बिल्ला. आणि एका हातात, आपल्या तोंडाच्या अगदी शेजारी, ते कव्हर. एक भामा खाली बघणारी, एक समोर बघणारी. रिक्षावाल्यांनी विचारलं, कोणाची हळद आहे? भामाने त्यांनाही अंक दाखवला. लोक थांबायचे, दोन्ही तोंडं बघायचे आणि गोंधळून निघून जायचे. नोट कोणी ठेवली नाही, अंकही कोणी घेतला नाही. उन्हं वर आली तरी गठ्ठा होता तेवढाच. जीवनचं म्हणणं खरं ठरत होतं आणि ते भामाला दिसत होतं.

जीवन आलाच. दयारामने कळवलं असावं, किंवा रिक्षावाल्यांनी. तो ओरडला नाही. बाजूला घेऊन म्हणाला की नियमात लिहिलंय, मासिकाची बदनामी करणाऱ्याचा बिल्ला काढून घेता येतो. त्याला तसं करायचं नाही. फक्त हे सोनं उतरवा आणि उद्यापासून नेहमीसारख्या या.

भामाने हात गळ्याकडे नेला. जीवनला वाटलं, उतरवतेय. तिने बिल्ल्याची पिन काढली आणि बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

“बिल्ला तुजा होता, घेऊन जा. अंक मी पैसे देऊन घेतलेत, ते माजे. आनि ही जागा मना कोनी दिली नव्हती, म्हनून कोनाला देनार नाय.”

जीवन बिल्ला हातात धरून तिथेच उभा राहिला. भामाने पुन्हा कव्हर वर धरलं. बिल्ला नाही म्हणजे पुढच्या महिन्याचे अंक नाहीत, आणि घरी होडी काठावर पडलेली.

उरणची गाडी लागली. गाडीकडे चाललेली एक जाडजूड बाई थांबली. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. तिने कव्हर बघितलं, भामा बघितली, परत कव्हर बघितलं.

“ही तूच का गं?”

“मीच. सोनं मांडीवर हाय, कापलंय त्यांनी.”

बाईने अंक हातात घेतला, उलटापालटा केला, कागद चिमटीत धरून पाहिला. मग भामाच्या गळ्यातल्या पोहेहारावर नजर टाकली आणि नाक मुरडलं.

“एवढं सोनं घालून बसलीस, आणि किंमत पूर्ण लावतेस? दोन घेते, किती कमी करशील?”

भामाचे डोळे भरून आले. या अंकावर पहिल्यांदाच कोणी तिच्याशी भाव केला होता. तिने पदर खोचला, मान ताठ केली आणि स्टँडच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“एक पैसा कमी नाय. परवडत असंल तर घे, नायतर ठेव खाली.”