डोहातली पाणमांजरं

लढाईच्या त्या वर्षांत मी माधवनगरच्या एका गिरणीत मागावर होतो. सैन्याला खाकी कापड लागायचं, त्यामुळे माग कधी थांबतच नसत. पाळी सुटली तरी कानांत खडखडाट चालू राही आणि कितीही चुळा भरल्या तरी घशातली कापसाची भुकटी जात नसे. सुटीच्या दिवशी बाकीचे कामगार दुपारपर्यंत झोपत. मी मात्र उजाडायच्या आत कृष्णाकाठची वाट धरायचो.

"एक दिस तर पडा की घरात," बायको म्हणायची. "तितं काय ठेवलंय? मासं धरत न्हाई, लाकडं आणत न्हाई. नुसतं हिंडून येताय."

खरंच, नुसतं हिंडून येत होतो. पाखरं बघायची, झाडं बघायची, वाळूतले माग काढायचे, एवढंच. माझ्यासारखाच नाद असलेले आणखी एक गृहस्थ होते. नदीला लागून मळा असलेले जैन शेतकरी, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. शेती मुलानं अंगावर घेतल्यापासून अण्णा मोकळे झाले होते आणि माझ्या सुटीच्या दिवसाची वाट बघत असत.

त्या वर्षी शिमगा नुकताच झाला होता. आठवडाभर दुहेरी पाळ्या करून मी असा शिणलो होतो की उठून बसायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आज जाऊच नये असं वाटलं. पण अण्णा मळ्याच्या बांधावर येऊन बसलेले असणार आणि त्यांना निरोप देणार कोण? म्हणून निघालो.

माझं तोंड बघून ते म्हणाले, "लय दमलायस गड्या. आज हितंच बसू या."

"आलोय तर जाऊ थोडं," मी म्हणालो. बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो.

नदी आटत आली होती. थंडीभर वाळूत दिसणारे चक्रवाक निघून गेले होते, एक जोडी तेवढी मागं राहिली होती. काठावरच्या काटेसावरीला पान नव्हतं, नुसती लाल फुलं, आणि त्या फुलांत तोंडं खुपसून साळुंक्या भांडत होत्या. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरली, तेव्हा तिची अंडी जवळपास असणार हे ओळखून आम्ही लांबून वळसा घेतला. एरवी हे सगळं बघून मला बरं वाटायचं. त्या दिवशी डोळ्यांना दिसत होतं, पण आत काही पोचत नव्हतं.

एका झाडाखाली अण्णा थांबले. "शिंजीर गातंय बघ. ऐक."

मी वर बघितलं. शेंड्याच्या वाळक्या काटकीवर शिंजिराचा नर बसला होता. थंडीतला मळका रंग जाऊन त्याला निळंजांभळं तेज चढलं होतं. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. मला काहीच ऐकू आलं नाही.

"गातंय?" मी विचारलं.

"व्हय की. मगापास्नं."

मागच्या वसंतात हाच बारीक आवाज मी पार बांधावरून ऐकला होता. मी कानांत बोटं घालून पाहिली, मान तिरकी करून पाहिली. पाखरू गात होतं आणि माझ्यापुरतं मुकं होतं. गिरणीत आम्ही सगळेच हातवाऱ्यांनी आणि ओठ बघून बोलायचो, त्यामुळे कान कुठवर गेलेत हे कळायला वावच नव्हता. टिटवी ऐकू येत होती, अण्णांचं बोलणं येत होतं. बारीक आवाज तेवढे गेले होते. मी तिथंच वाळूत बसकण मारली.

अण्णाही शेजारी टेकले. मग म्हणाले, "मला लांबचं दिसंना झालंय. तू बघून सांगत जा, मी ऐकून सांगतो. जमंल तसं भागवू."

खाली मान घालून मी वाळूकडं बघत राहिलो आणि त्यामुळेच एका जनावराचा माग मला दिसला. पाच बोटं, बोटांना जोडणारी पडद्याची पुसट रेघ, मागं शेपूट घासत गेल्याची खूण. पलीकडं खवलं आणि काटे मिसळलेली विष्ठा पडली होती.

"अण्णा, हे काय आहे?"

ते गुडघ्यांवर आले. डोळे वाळूला लागतील इतके वाकले, एका ठशावरून हलकं बोट फिरवलं. "पाणमांजर," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आलं का रं परत?"

तिथं समोरच नदीचा एक डोह होता, त्यात पूर्वी पाणमांजरांचं बिऱ्हाड असायचं. मग लढाईच्या सुरुवातीला कुणीतरी मासे मारायला डोहात सुरुंगाची दारू उडवली. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले आणि पाणमांजरं नाहीशी झाली. त्यानंतर एकही कुणाला दिसलं नव्हतं.

आम्ही काठावरच्या झुडपाआड बसून राहिलो. बसल्या बसल्या मला डुलकी लागली. अण्णांनी कोपरानं ढोसलं, बोट कानाशी नेलं आणि डोहाच्या पलीकडच्या दरडीकडं दाखवलं. त्यांना पाणमांजराची शीळ ऐकू आली होती. मी डोळे ताणून बघितलं. दरडीत मुळांखाली एक बीळ होतं. त्यातून एक चपटं, मिशाळ डोकं बाहेर आलं आणि त्याच्यामागं पिल्लं. आई पाण्यात उतरली. पिल्लं काठाशी थबकली. ती परत आली, एकाचं मानगूट तोंडात धरलं आणि त्याला तसंच पाण्यात घेऊन गेली. ते तडफडलं, बुडालं, वर आलं आणि आईच्या पाठीवर चढून बसलं. मी दबक्या आवाजात अण्णांना सगळं सांगत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

एवढ्यात मागं पाचोळा वाजला. एक भोई खांद्यावर फाटकं जाळं आणि हातात कुदळ घेऊन आला. अण्णांच्या ओळखीचा होता.

"आवं अण्णा, बघा काय केलंय त्या मुडद्यांनी," जाळं समोर टाकून तो म्हणाला. "निम्मं जाळं फाडलं राती. आज बीळच उकरतो."

"पिल्लं हायत रं आत."

"माजीबी हायत की घरात!"

तो खोटं बोलत नव्हता. भोकं एवढी मोठी होती की त्यातून घागर गेली असती. मी जाळं मांडीवर ओढलं. माझ्या मनात काही थोर विचार आला असं नाही. तुटलेलं सूत समोर आलं की जोडायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या बोटांना माहीत होती.

"तुला येतंय व्हय?" भोयानं विचारलं.

"दिवसभर दुसरं काय करतो मी?"

त्यानं कंबरेचा सुतळीचा गुंडा काढून दिला. त्याच्या गाठी वेगळ्या होत्या, त्या त्यानं दाखवल्या. ताणून धरल्याशिवाय जाळ्याची घरं सारखी पडत नव्हती. तो एका बाजूनं धरून बसला. दुसरी बाजू मोकळी होती. अण्णा थोडा वेळ नुसते बघत राहिले. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस तो. मग पुढं सरकले आणि जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी हातात घेतलं.

ऊन चढलं. पाठ भरून आली, डोळ्यांपुढं घरं एकमेकांत मिसळायला लागली. सुटीच्या दिवशीही मी सुतालाच जुंपलेला होतो. अण्णांनी फडक्यातली भाकरी तिघांत वाटली. खाता खाता ते भोयाला म्हणाले, "पिल्लं पवायला लागंस्तवर खालच्या अंगाला जाळं टाक. एवढं ऐक माजं."

तो जाळं चाचपत होता. एक गाठ त्यानं जोर लावून ओढून पाहिली, ती सुटली नाही. "बरं," तो म्हणाला. "पर त्येच्यापुढं न्हाई हं ऐकणार." आणि जाळं, कुदळ उचलून गेला.

परतताना मळा दिसू लागल्यावर अण्णा म्हणाले, "मासं धरायचं जाळं धरलं आज मी. पाप लागलं का पुण्य, मला काय कळंना. घरात सांगू नगंस."

"नाही सांगत."

पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच घरी सांगून टाकलं. त्यांची बायको फार बोलली नाही म्हणे. एक दिवसाचा उपास मात्र करायला लावला.

पुढचे काही आठवडे मला सुटीच मिळाली नाही. चैत्र सरत आला तेव्हा जाता आलं. भोई खालच्या अंगाला कमरेइतक्या पाण्यात उभा होता. आम्हाला बघून त्यानं वर हात केला आणि डोहाकडं बोट दाखवलं. पिल्लं आईच्या आधाराशिवाय पोहत होती. एकानं मासा धरला, दुसरं त्याच्या मागं लागलं आणि दोघांची दरडीवर झोंबाझोंबी झाली.

"शीळ घालत्यात," अण्णा म्हणाले.

"कशी?" मी विचारलं.

त्यांनी ओठ मुरडून बघितलं. पुढचे दात पडलेले, नुसता वारा बाहेर आला. त्यांचं त्यांनाच हसू आलं. मला हसायचंही त्राण नव्हतं, पण जागचं उठावंसं वाटेना. ऊन पार पायांवर येईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.

वैशाखात पाणी फारच उतरलं आणि पाणमांजरं सगळ्या बिऱ्हाडासकट निघून गेली. कुठं, ते भोयालाही सांगता आलं नाही. त्यानं पुन्हा डोहात जाळं टाकायला सुरुवात केली आणि अण्णांनी त्याला अडवलं नाही.