तुराटीच्या मापाची चप्पल

शेवंताबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. पलीकडून तिची मुलगी अनिता बोलत होती. "शेट, माय गेली. सकाळीच. तुम्हाला कळवावं म्हणून…" मी "बरं" म्हणालो आणि फोन खाली ठेवला. मरणाच्या निरोपाला "बरं" म्हणणारा माणूस मी. त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात तिच्याबद्दल लिहायला मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा माझ्याच दुकानाबद्दल लिहून उठलो. ती जुनी खोड आहे, आणि या लेखात मला त्या खोडीबद्दलच सांगायचं आहे. याच पुरवणीत काही वर्षांपूर्वी माझ्याविषयी जे छापून आलं होतं, ते खरं नव्हतं.

आमचं चपलांचं दुकान कळमनुरीत, बाजाराच्या रस्त्यावर. नव्वद सालच्या आसपास, आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता तेव्हा, दुकानात बाई गिऱ्हाईक म्हणून येतच नसे. परक्या पुरुषासमोर पाय पुढे करायचा कसा? त्यामुळे बायकांच्या चपला पुरुष न्यायचे, आणि माप म्हणून तुराटी आणायचे. तुरीची वाळलेली काडी बायकोच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, तिथे मोडायची आणि खिशात घालून बाजारला यायचं. मी ती काडी चपलेवर ठेवायचो. बसली की चप्पल कागदात बांधून द्यायची. माझ्या वडिलांनी असंच केलं, मीही केलं. काडीला लांबी असते, रुंदी नसते, हे आम्हा बापलेकांच्या कधी डोक्यात आलं नाही.

शेवंताबाई जवळच्या तांड्यावरची. तिचा नवरा देवला असाच तुराटी घेऊन आला आणि चप्पल घेऊन गेला. पुढच्या बाजाराला ती स्वतः आली, अनवाणी, चपला हातात. पायात जाड वाळे, करंगळीजवळ फोड फुटलेला. दुकानात सात-आठ माणसं होती.

"शेट, ही चप्पल कोणाला दिली?"

"तुमच्या मालकांनी नेली की."

"न्हाई. तुमी ही तुराटीला दिली. तुराटीला बराबर बसते, मी घालून पाहिली तिला." माणसं हसायला लागली. "मी तुराटी हाय का?"

मी म्हणालो, "बाई, बायकांचं माप असंच येतं. बायका कुठं दुकानात पाय पुढं करतात?"

"काहून करतील? समोर तुमी बसून राहिलात ना!"

मग तिने मला काही न विचारता फळीवरून तीन-चार जोड काढले. एक पायात घातला, बाजारातून घेतलेलं पेंडीचं पोतं डोक्यावर घेतलं आणि सरळ दुकानाबाहेर चालायला लागली. मला वाटलं, चप्पल घेऊन निघाली. मी ओरडलो, "अहो बाई! धरा तिला!" भर बाजारात ओरडलो. ती पानपट्टीपर्यंत गेली, वळली आणि तशीच परत आली. पोतं खाली ठेवून म्हणाली, "पळून कशाला जाऊ, शेट? गाव माहीत हाय की तुमाला. डोक्यावर वजन आलं की पाय पसरतो. बसून पाहिलेली चप्पल बसायलाच कामाची." तिने तो जोड नाकारला आणि दुसरा घालून पुन्हा पानपट्टीपर्यंत गेली. बाहेर उभ्या असलेल्या दोन बायका हे बघत होत्या. तिने त्यांना हात धरून आत आणलं. त्या दिवशी आमच्या दुकानात पहिल्यांदा तीन बायकांनी आपली चप्पल आपण निवडली.

मी तिला बाजाराच्या दिवशी दुकानात बसायला सांगितलं. माझा हा एकच निर्णय शहाणपणाचा. ती म्हणाली, "बसते. पन माल मी म्हनते तसा आनायचा." आणि तिने बारा-तेरा वर्षं तेच केलं. तिने आतल्या बाजूला पडदा लावून घेतला, एक पाट ठेवला, आणि बायका यायला लागल्या. आधी आमच्या बाजूच्या तांड्यांवरच्या, मग कळमनुरीतल्या मोमीन गल्लीतल्या, मग शाळेच्या मास्तरणी. सकाळी कोणी चप्पल घ्यायला आली की शेवंताबाई तिला परत पाठवायची. "आधी बाजार करून या. सकाळचा पाय खोटं बोलतो, संध्याकाळचा खरं सांगतो." मला वाटायचं, हे गिऱ्हाईक गेलंच, पण बाजार उरकून बाई परत यायचीच. दोन्ही पाय कधी सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाला आधी घालून बघायची. बक्कलची चप्पल कोणी मागितली की विचारायची, "डोक्यावर घागर असली तर वाकून बक्कल कोन लावंल? नवरा?" बायका पडद्याआड खिदळायच्या. वाळे घालणारीला मागच्या पट्ट्याची चप्पल ती देतच नसे, कारण पट्टा वाळ्याखाली येऊन कातडी सोलतो. खोल नक्षीच्या तळाची चप्पल तर तिने आमच्या फळीवरून हद्दपारच केली. शेतात काळ्या मातीचा गोळा त्या नक्षीत अडकतो आणि चार पावलांत चप्पल शेरभर जड होते, हे मला सोळा वर्षं धंदा करून माहीत नव्हतं. मी कधी चिखलातून भारा घेऊन चाललोच नव्हतो.

एकदा मी तिला नांदेडला होलसेल व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने चकचकीत नमुने पुढे मांडले. तिने एक चप्पल उचलली, दोन्ही टोकं धरून वाकवली आणि टाकून दिली. "ही मदी मोडते. पाय मदी मोडतो का? पाय बोटांपाशी मोडतो." दुसरी तशीच वाकवली आणि माझ्याकडे सरकवली. व्यापारी बघतच राहिला. त्याने मला हळूच विचारलं, "सेठ, ये बाई कौन है?" आणि मी म्हणालो, "दुकान झाडायला असते." का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. एका तांड्यावरच्या बाईच्या शब्दावर मी माल घेतो, हे त्याला कळलं असतं तर माझी काय किंमत राहिली असती, असं वाटलं असावं. परतीच्या एस.टी.त आम्ही बसलो. वारंगा फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झाडते बी म्हना, शेट. पन झाडायलाच न्हाई."

मी ऐकलं. ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

पुढे हिंगोली जिल्हा झाला, दुकानाचं नाव चार तालुक्यांत गेलं. औंढ्याच्या, वसमतच्या बायका मुद्दाम यायच्या. मग एक दिवस या पुरवणीसाठी लिहिणारा एक तरुण आला. त्याने विचारलं, "काका, वजन घेऊन चालून बघायची ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?" शेवंताबाई माझ्यापासून दोन हातांवर बसून एका म्हातारीच्या चपलेचा अंगठा सैल करत होती. मी म्हणालो, "अनुभवातून." तिचा हात क्षणभर थांबला… आणि पुन्हा सुरू झाला.

लेख छापून आला. माझा फोटो, माझं नाव, माझा अनुभव. मी तो चौकटीत घालून भिंतीला लावला. बाजाराच्या दिवशी ती आली, हात पदराला पुसले आणि चौकटीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "शेट, माझं काय लिवलंय ह्यात?" तिच्या चेहऱ्याकडे बघून मला 'काही नाही' म्हणता आलं नाही. मी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "या कामात शेवंताबाई राठोड यांचा मोठा वाटा आहे." त्या कागदावर असं वाक्य कुठेच नव्हतं. ती खूश झाली. "अजून एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं, पण माझं मघाचं वाक्य मलाच आठवेना. ती हसली. "मघाशी मोठा वाटा हुता, आता लई मोठा झाला!" मीही हसलो. त्यानंतर प्रत्येक बाजाराला ती चौकटीची काच पुसायची आणि नव्या बाईला दाखवायची, "ह्यात माझं नाव हाय."

दोनेक वर्षं हे असं चाललं. मग अनिता डी.एड.च्या सुट्टीत दुकानात आली. आई तिला कौतुकाने भिंतीपाशी घेऊन गेली. अनिताने लेख पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मी गल्ल्यावर होतो. मान खाली घालून सुतळीचा गुंडा सोडवत होतो. अनिताने आईच्या कानात काहीतरी सांगितलं. शेवंताबाई माझ्याकडे वळली नाही. पडदा सारून आत गेली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "हं, उठ माय, चालून दाखव." त्यानंतरही ती येत राहिली, गुडघे थकेपर्यंत. फळ्या पुसायची, पाट पुसायची, आरसा पुसायची. त्या काचेला मात्र तिने हात लावला नाही. धूळ इतकी साचली की माझा फोटो दिसेना, तेव्हा मीच ती चौकट काढून टाकली. मी रोज ठरवायचो, उद्या बोलू… बोललो नाही. बारा वर्षं दुसऱ्यांच्या पायांचा विचार केलेल्या बाईसमोर मला दोन वाक्यं उभं राहून बोलता आली नाहीत.

तिच्या दहाव्यानंतर मी तांड्यावर गेलो. घर विचारायची वेळ आली नाही. ओट्यावरच्या एका म्हातारीने आत हाक दिली, "अनिता, शेवंताच्या दुकानातले शेट आलेत बघ!" मी दचकलो. दुकानाच्या पाटीवर तीस वर्षं माझं आडनाव आहे. पण तांड्यावर त्या दुकानाला त्या नावाने कोणी ओळखतच नव्हतं. मला हे कधी कळलंच नव्हतं. मनात अभिमान दाटून आला, आणि या वेळी तो स्वतःबद्दलचा नव्हता.

अनिता आता शिक्षिका आहे. तिने चहा दिला. मी तिला सगळं सांगितलं, एस.टी.तलं आणि भिंतीपुढचंही.

"माहीत आहे, शेट. त्या दिवशी घरी येताना मी लई भडकले होते. म्हटलं, माय, उद्यापासून जाऊ नको."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, 'शेटला वाचता येत न्हाई, लेकरा. म्हनून चुकलं.' आणि म्हणाली, 'मी न्हाई गेले तर बायकांना परत तुराटी घेऊन यावं लागंल.'"

मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "मी लिहिणार आहे. त्याच पुरवणीत."

"लिहा. पण बिचारी-फिचारी लिहू नका. माय बिचारी नव्हती." कप उचलता उचलता ती थांबली. "आणि छापून आल्यावर मला वाचून दाखवू नका. माझं मी वाचीन."

तर अनिता, वाच. कळमनुरीच्या बाजारात बायकांनी स्वतःची चप्पल स्वतः चालून, वजन पेलून, पारखून घ्यायची, ही पद्धत शेवंताबाई देवला राठोड यांनी सुरू केली. मला ती अनुभवातून सुचली नाही. पेपरात आलं ते खोटं होतं. आणि मी तुझ्या आईला वाचून दाखवलेला तो 'मोठा वाटा', तोही खोटाच. वाटा कसला, सगळंच तिचं होतं.