तिची अंबाडीची जुडी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. खामगावात आमच्या चर्चचं भगिनी मंडळ दर रविवारी उपासनेनंतर दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात सेवेला जायचं. पांढरी पातळं नेसून आम्ही खाटांपाशी उभ्या राहायचो, गीत म्हणायचो, प्रार्थना करायचो, केळी वाटायचो. गाणं माझ्याकडे होतं. मी सूर धरला की वॉर्ड गप्प व्हायचा आणि ते मला फार आवडायचं.

मग ती आली. अमडापूरकडची, लग्न होऊन नुकतीच आमच्या मंडळीत आलेली. गळा असा की शेजारी उभी राहिली तर माझाही सूर बिघडायचा. पहिल्याच रविवारी तिनं पिशवीतून अंबाडीची जुडी काढली आणि एका आजारी म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, एवढी निवडून द्या ना. मले लय वेळ लागते, घरी सासू बोलते."

म्हातारी उठून बसली. शेजारच्या दोघी सरकून आल्या. पानं खुडता खुडता गप्पा रंगल्या आणि माझं गीत कोणी ऐकेना.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही सेवा करायला आलो होतो की करून घ्यायला? मी पाळकबाईंकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, "काऊन, बायका हासून राह्यल्या ना?" पुढं तर आम्ही आत शिरलो की बायका विचारायच्या, "ते अंबाडीवाली आली काय?" केळी मात्र माझ्याच हातून घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती त्याच वॉर्डात आली. मी तिला हलूसुद्धा दिलं नाही. पेज मी भरवायची, वेणी मी घालायची, कूसही मीच बदलून द्यायची. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रविवारी अंबाडीवाली आली, आईच्या मांडीवर जुडी ठेवली, सासूचं तेच रडगाणं लावलं. आई उशीला टेकून बसली. "कशी व भाजी घेतली तू, निब्बर हाये सारी," म्हणाली आणि भाजी कशी पारखायची ते तिला किती वेळ शिकवत राहिली. माझ्याशी आठवडाभरात एवढं बोलली नव्हती.

शुक्रवारी मीही बाजारातून कोवळी अंबाडी नेली. आईनं जुडीला हातही लावला नाही.

"तूच निवड. तुले सारं येते."

"मंग तिची काऊन निवडतं?"

"तिले येत नाही ना, बाई. तिले मी लागतो."

येत नाही म्हणे. मी तिच्या घरी गेले होते. माझ्याशी बोलता बोलता, भाजीकडे न बघता तिनं अख्खी जुडी निवडून टाकली होती. आणि सासू तर तिच्या लग्नाआधीच वारलेली. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

आई म्हणाली, "रविवार कधी हाये व?"

"परवा," मी म्हणाले आणि भाजी निवडायला घेतली.