अक्कांनी विचारलं, वाघ कुठंय?

अक्का गेल्याचा फोन भाच्याने केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा, की झोपेत गेल्या का? "न्हाई मामी," तो म्हणाला, "आई चांगली जागी व्हती. चहात साखर कमी पडली म्हणून माझ्या बायकोला बोलली, आन्..." सगळ्या शिवाराची स्वप्नं ऐकण्यात जिचा जन्म गेला, ती माझी थोरली नणंद स्वतः मात्र जागेपणी गेली. महिना होऊन गेला आता.

येडगाव धरणाच्या अंगाला, आमच्या पलीकडच्या मळ्यात अक्कांचं घर. वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडायला लागलं की बाया त्यांच्याकडे जायच्या. अंगात येणं, अंगारा, लिंबू असलं काही नाही. आलेल्या बाईपुढे भुईमुगाच्या शेंगांचं सूप सरकवायचं आणि म्हणायचं, "फोड, आन् सांग." हात कामात असले की माणसाला खोटं सुचत नाही, असं त्यांचं मत. नवी नवरी असताना मला वाटायचं, फुकटात शेंगा फोडून घ्यायची ही बरी युक्ती आहे! पुढं माझ्यावरच त्या सुपापुढे बसायची वेळ आली.

दोन हजार साल उलटलं आणि आमच्याकडे उसात बिबट्यांनी घर केलं. आम्ही त्याला वाघच म्हणतो. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग वासरू गेलं. माझी वैशाली तेव्हा नुकतीच आठवीत गेलेली आणि शाळेची वाट दोन्हीकडून उसातली. त्याच दिवसांत मला ते स्वप्न पडायला लागलं. बांधावर दप्तर पडलंय, आतून, उसातून, "आई... आई..." अशी हाक येतीये, आणि माझे पाय काही केल्या उचलत नाहीत. घामाघूम होऊन उठायचे आणि वैशालीच्या अंगावरून हात फिरवायचे. ती झोपेतच वैतागायची, "आई, हाये मी."

अर्थ सांगणारे घरोघर. सासूबाई म्हणाल्या, स्वप्नात माणूस मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं. पण मला नुसतं दप्तरच दिसायचं. दप्तराचं आयुष्य वाढून मी काय करू? शेजारणीने विचारलं, दप्तर भरलेलं व्हतं का रिकामं? भरलेलं म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला आणि उठून गेली. इतका धीर मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

शेवटी मी ठरवलं, वैशालीला माझ्या माहेरी ठेवायचं. माहेर आण्याच्या पठारावरच्या वाडीत. तिथं पाणी नाही म्हणून ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून वाघ नाही. शाळाही सातवीपर्यंतचीच, पण जीव वाचल्यावर शाळेचं बघता येईल, असा माझा हिशोब. वैशालीने जेवण सोडलं. आमच्या ह्यांनी मला वेड्यात काढलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर पोरगीच पळत जाऊन अक्कांना घेऊन आली. येताना त्यांनी शेंगाही आणल्या होत्या.

मी फोडत गेले, सांगत गेले. सगळं झाल्यावर अक्का म्हणाल्या, "दप्तर कसलं गं?"

"कसलं म्हंजे? दप्तर."

"वैशीचं हाये ते निळं, चेनवालं?"

माझे हात थांबले... ते निळं नव्हतं. जुन्या चादरीचं होतं, आईने हाताने शिवलेलं, एका बाजूला शाई सांडलेलं. ते माझं होतं. सातवीनंतरची शाळा ओढ्यापलीकडं; पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, आईचा जीव घाबरला आणि मला घरी बसवलं. तेव्हापासून ते दप्तर माळ्यावरच राहिलं.

"म्हंजे आतून हाका मारती ती वैशी न्हाई," अक्का म्हणाल्या. फोलपटं बाजूला सारून पुन्हा, "आन् ह्यात वाघ कुठंय?"

वाघ कुठंच नव्हता. पण मी हट्टाने म्हटलं, "अक्का, शिवारातला वाघ तर खरा हाये ना?"

"खरा हायेच की. सपनाचा अर्थ सांगितला म्हणून तो जाणार हाये का? उद्यापास्नं पोरींसंगं मी जाते."

आणि गेल्या. वस्तीवरच्या सगळ्या पोरी एकत्र, मागं अक्का पत्र्याचा डबा वाजवीत. नियम एकच, वाटेत कुणी वाकायचं नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. एका संध्याकाळी मीही शाळेकडून त्यांच्याबरोबर निघाले होते. वारं पडलेलं, तरी डाव्या हाताचा ऊस हलला. डबा थांबला. नेमकी वैशालीची चप्पल चिखलात अडकली आणि ती काढायला पोरगी वाकली... अक्कांनी तिची वेणी धरून तिला सरळ उभी केली. माझे पाय? स्वप्नातल्यासारखेच. उसात काहीतरी जड सरकलं, पाचट वाजलं, आवाज लांब लांब गेला. वाघ होता की डुक्कर, देव जाणे. "चप्पल राहू दे," अक्का म्हणाल्या, "चाल." डबा पुन्हा वाजायला लागला.

वैशाली शिकली. आज पुण्यात नर्स आहे. ते स्वप्न मला पुढं एक-दोनदा पडलं, मग नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याकडे गेले होते. घरची सगळी रानात, मी अक्कांच्या ओट्यावर एकटीच. ओतूरकडून एक बाई आली, "अक्का तुमीच ना?" म्हणत समोर टेकली आणि मी तोंड उघडायच्या आत सांगायलाही लागली. स्वप्नात तिची मुलगी भरल्या जत्रेत हात सोडून जाते, रोज जाते. मुलीला शिकायला पुण्याला पाठवायचं ठरलं होतं, आता हिचं मन धजत नव्हतं. सांगता सांगता रडली. मला स्वप्नाचा अर्थ काही लागला नाही, खरंच नाही. पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "मग पाठवू का नको, अक्का?"

"पाठवा," मी म्हटलं. "सोडायला मातर तुमी सवता जा. राहती जागा डोळ्यांनी बघून या."

ती उठली, पाया पडली आणि गेली. मी अक्का नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.