आबांच्या घागऱ्याची वाकळ

मुंबईला जाणाऱ्या एसटीच्या पायरीवर मी उभी होते आणि आबा खालून बॅग वर ढकलत होते. बार्शीचं स्टँड, भर दुपार. मुंबईहून पुढे विमानाने विलायत. बॅगेची चेन लागत नव्हती, कारण आईने अगदी निघताना तिच्यात वाकळ कोंबली होती. "तिकडं लई थंडी असती म्हनं," एवढंच ती बोलली. मी म्हटलं, अगं, तिकडे काय पांघरुणं मिळत नाहीत का? तिने ऐकलं नाही. आबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. जट कापून बरीच वर्षं झाली होती, टॉवेलची सवय तेवढी राहिली होती. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर थोडं चालले आणि म्हणाले, "शिवंवर गाडा सोडला की मागं बघायचं नसतं. तूबी बघू नको."

हे मी माझ्या धाकट्या भावासाठी, विलाससाठी लिहितेय, जो गावीच राहिला. आणि इकडे लंडनच्या आसपास स्लाऊला, स्टॅनमोरला घरं घेऊन बसलेल्या आपल्या लोकांसाठीही. विलासला आबांचं पुढचं माहीत आहे, त्याने सोडून दिलं तरी चालेल. बाकीच्यांनी वाचावं.

माझे आबा पोतराज होते, मरीआईचे. गावात पटकी आली, गोवर आला, गुरांना खुरी आली की लोक म्हणायचे देवी कोपली. मग देवीचा लहानसा लाकडी गाडा सजवायचा आणि पोतराजाने तो वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा, म्हणजे रोगही त्याच्याबरोबर गावाबाहेर. गाडा तिथे सोडायचा आणि मागे न बघता परत यायचं. शिवेपलीकडच्या गावाचं काय, हे कोणी विचारत नसे. एरवी आबा दारोदार फिरायचे. उघडं अंग, पायात चाळ, हातात आसूड, आणि तो आसूड स्वतःच्याच पाठीवर. आई बरोबर ढोलकं वाजवायची. आबांच्या कमरेला घागरा असायचा, चोळीच्या खणांच्या तुकड्यांचा. ते खण गावातल्या बायकांचे. पोर तापाने फणफणलं की बाई देवीला खण द्यायची, आणि देवीच्या वतीने घेणारा माझा बाप. हातात कोणी देत नसे. ओट्यावरून खाली टाकायचे. आबा उचलून कपाळाला लावायचे आणि घरी आल्यावर आई तो घागऱ्याला जोडायची. सगळ्या गावाचं भय माझ्या बापाच्या कमरेला टाचलेलं होतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मीच पहिली. निकालाच्या दिवशी आबांनी जट कापली आणि आसूड चुलीत घातला. घागरा मात्र आईने ठेवला. "कापड चांगलं हाय, टाकायचं कशाला," म्हणाली, आणि सोड्यात उकळून त्याची वाकळ शिवली. बॅगेत होती ती हीच.

आता मी ग्लासगोला असते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी करते. पटकीचे जंतू मी स्वतः प्लेटवर वाढवलेले आहेत. हळदीच्या ठिपक्यांसारखे पिवळे दिसतात. त्यांना घालवायला खण लागत नाही, स्वच्छ पाणी लागतं.

आमच्या समोर मॉर्व्हन राहते. आधी एका इन्शुरन्स कंपनीत एचआरला होती, घटस्फोटानंतर पेगन झाली. म्हणजे जुन्या केल्टिक लोकांचा, ख्रिस्ती होण्याआधीचा धर्म ती पाळते. तिचं वर्ष सणांनी गच्च भरलेलं असतं. फेब्रुवारीत इम्बोल्क, मे लागताना बेल्टेन, ऑगस्टात लूनासा, ऑक्टोबर संपताना सॉविन. सगळे म्हणे हजारो वर्षांचे. शेकोटी पेटवायचे नियम तेवढे कौन्सिलचे.

गेल्या वर्षी तिने आम्हाला बेल्टेनला नेलं. पूर्वी म्हणे दोन जाळ पेटवायचे आणि गुरांना त्यांच्यामधून हाकायचे, रोगराई जावी म्हणून. आता गुरं कुठून आणणार? एक लॅब्राडोर होता, तोही जाळामधून जायला तयार होईना. शेवटी एक अकाउंटंट, एक योगा टीचर, एक डेंटिस्ट असे सगळे कमरेवर उघडे होऊन, अंगाला लाल रंग फासून, ढोल बडवत मधून गेले. बाजूला चमकत्या पिवळ्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घातलेला माणूस फायर एक्स्टिंग्विशर धरून उभा. ढोल बेताल होता, पण ते मी समजू शकते, बेताल ढोल मी स्लाऊच्या गणपतीतही ऐकलाय. मला बघवले नाहीत ते त्यांचे चेहरे. काय तो आनंद. रविवारी आंघोळ केली की रंग जाणार, सोमवारी पेशंटच्या दाढा बघायला हजर. ज्याला धुऊन टाकता येतं त्यालाच हे सुंदर वाटतं.

मॉर्व्हनने माझा हात हातात घेतला. म्हणाली, तुम्ही लोक किती लकी, तुमच्याकडे हे अजून हरवलेलं नाही. हरवलं नाही, बाई, आम्ही ते टाकलं. उपाशी राहून, शिकून, ठरवून टाकलं. पण हे तिला कोण सांगत बसणार?

आणि आपले लोक काही कमी आहेत असं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी बेल्टेनचं सांगितलं तर एक जण म्हणाली, "अगं, किती सेम ना! आमच्या गावीसुद्धा तो चाबूकवाला यायचा. आम्ही मुलं काय घाबरायचो, सो क्यूट." मी चहा प्यायले. हिच्या आजीनेही ओट्यावरून खण टाकले असणार, तेही त्या चहाबरोबर गिळलं. माझा नवराही तसल्याच ओट्यावरचा आहे. त्याला निदान लाज वाटते.

बेल्टेननंतर मॉर्व्हनने मला आणि माझ्या मुलीला, सईला, वर उत्तरेकडे एका झऱ्यावर नेलं. झऱ्याभोवती झाडं आणि झाडांना चिंध्या. आजारी माणसाच्या अंगाला लावलेली चिंधी झऱ्यात भिजवायची आणि फांदीला बांधायची. ती कुजत जाईल तसा आजार जातो. दुसऱ्याची चिंधी मात्र सोडायची नाही, सोडणाऱ्याला तो आजार लागतो. जुन्या काळी गरीब माणसांनी लोकरीचा, तागाचा तुकडा बांधला असेल, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. त्यांना डॉक्टर नव्हता. आता तिथे नायलॉनचे मोजे, मास्क, फुटबॉलचा स्कार्फ, कुत्र्याचा पट्टा, एक अख्खी ब्रा. यातलं काही कुजणार नाही. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे कोणी बरं व्हायचं नाही.

मी विचारलं, "हे सगळं साफ कोण करतं?"

"कॉन्ट्रॅक्टर्स, आय सपोज," मॉर्व्हन म्हणाली.

"मग त्यांना आजार होत नाही?"

ती हसली. "ओ, इट्स सिम्बॉलिक."

काढणाऱ्याची वेळ आली की लगेच सिम्बॉलिक. बांधणारे वेगळे आणि काढणारे वेगळे, हे बघायला मला विमानात बसून यायची गरज नव्हती. यांनी निदान झाडाला बांधलं. आमच्या गावात ते झाड म्हणजे माझा बाप होता.

सई बरोबर होती. सईला एवढंच माहीत होतं की आजोबा शेतमजूर. तेही खोटं नव्हतं.

यंदा एप्रिल संपताना एका शनिवारी सकाळी मी सईच्या खोलीत गेले तर जमिनीवर वाकळ पसरलेली आणि हिच्या हातात कात्री. तिची शाळेतली मैत्रीण आहे, केटी. नर्सरीपासूनची. तिला ल्युकेमिया झालाय, केमो चालू आहे. मॉर्व्हन खाली हॉलमध्ये गाडीची चावी हलवत उभी होती, सईला झऱ्यावर न्यायला.

"काय करतेस?"

"आई, थोडाच कापणार. हा लाल पीस." सईचं मराठी असंच आहे. "मॉर्व्हन म्हणाली जुना कापड पाहिजे, खरा कॉटन. हा कुजेल."

"कात्री ठेव."

"केटीसाठी आहे. सगळे म्हणतात वेट अँड सी. मी काय करू, नुसता बघत बसू?"

आवाज रडका नव्हता, चिडका होता. खण टाकणाऱ्या बायकांचाही असाच असायचा, आधी चिडक्या आणि मग हात जोडलेल्या. भीतीला मी कधी हसले नाही. भीती कोणाच्या तरी अंगावर टाकून मोकळं होणाऱ्यांना हसते.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं. आई शिवताना ओळख करून द्यायची तशी तुकड्यांवर बोट ठेवून सांगितलं. हा तलाठ्याच्या सुनेचा. हा किराणावाल्याच्या घरचा, त्यांचं पोर वाचलं. तू कापायला निघालीस तो लाल खण ज्यांचा, त्यांचं पोर गेलं, आणि त्यांनी आबांना दारातून हाकलताना अंगावर खरकटं पाणी फेकलं. हे सगळं तुझ्या आजोबांनी नेसायचं आणि उन्हात नाचायचं. त्यांच्या पाठीवरचे वळ तुला कधी दिसले नाहीत, कारण तू आलीस की ते शर्ट काढत नाहीत.

सईने लाल तुकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि आजोबा सिक झाले तर ते कुणाला बांधायचे?"

"कुणाला नाही."

तिने कात्री खाली ठेवली. मी म्हटलं म्हणून नाही.

आम्ही अर्धं इंग्रजीत बोलत होतो. मॉर्व्हन जिना चढून दारात आली होती आणि तिने बरंचसं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दॅट्स सो पॉवरफुल," ती म्हणाली. "आमच्या सर्कलमध्ये येऊन शेअर करशील?"

मी म्हटलं, "नो." एवढं इंग्रजी मला येतं.

"मग निदान टेक्स्टाइलचा एक फोटो?"

सई उठली आणि तिने मॉर्व्हनच्या तोंडासमोर दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं. माझ्या बी.एस्सी.नंतर आमच्या घराण्यात इतकं चांगलं काम कोणी केलं नसेल.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सई परत वाकळीवर बसली. मग म्हणाली, "केटीला सारखी थंडी वाजते. मी वाकळ कापत नाही. अख्खी देऊ तिला?"

"आधी तिच्या आईला विचार. नर्सला विचारून सांगू दे. आणि साठ डिग्रीला धुवायची. जंतूंशी लढायला तिच्या रक्तात सध्या काही नाहीये."

"कलर जाईल."

"जाऊ दे."

केटीच्या आईचा होकार आला. मशीनच्या गोल काचेत पाणी आधी लाल झालं, मग हळदीसारखं, मग नुसतं मळकट. गावच्या सगळ्या नवसांचं पाणी ग्लासगोच्या गटारात गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावी व्हिडिओ कॉल लावला तर आबांना मागे रेडिएटरवर वाळत घातलेली वाकळ दिसली.

"आत्ता कशाला धुतली? कोन आजारी हाय?"

मी केटीचं सांगितलं. मॉर्व्हनचंही सांगितलं, झऱ्याचंही. झाडाला मोजे बांधतात म्हटल्यावर आबा हसले. "झाड बरं हाय," म्हणाले. "त्याला पाठ न्हाई." मग लगेच, "पोरगी उठून बसती का?"

हा प्रश्न ते प्रत्येक दारात विचारायचे, खण उचलायच्या आधी. उत्तराची वाट बघायचे, म्हणून शिव्याही खायचे.

"बसते," मी म्हटलं.

"जेवती?"

"थोडं."

"मग पांघरू द्या. देवीबिवीचं काय सांगू नका तिला. नुसती ऊब म्हनून द्या." मग त्यांनी सईला पुढे बोलावलं. "तू त्या बाईला दार लावलं म्हनं?"

"हो, आजोबा."

"बेस केलं."

केटी अजून आजारीच आहे. वाकळ तिच्याकडे आहे. फिकट झालीय, आता ती कोणाच्याही घरची वाटते. आम्ही परत मागणार नाही.

आबांचं मी सगळं ऐकलं, एवढंच ऐकलं नाही. मी मागे बघते. गावासाठी गळा काढणाऱ्यांतली मी नाही. ती शीव आणि ते ओटे ज्यांना आठवायचे त्यांनी आठवावेत, आणि इथल्या टेकड्यांवर ज्यांना रंग फासून नाचायचं त्यांनी नाचावं. विलास, तू पत्रा काढून स्लॅब टाकलास, त्या घराचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे. बाहेर कट्ट्यावर आबा शर्ट घालून बसलेत. इथे लोक विचारतात, होम म्हणजे तुझं नक्की कुठलं? बार्शी की ग्लासगो? दोन्हीकडे मी आता एकच खूण बघते. जिथे माझ्या बापाला कोणी काही बांधायला येत नाही, आणि आलंच तर आमची पोरगी उठून दार लावते, ते माझं घर.